अभ्यासाचा कासरा कोणाच्या हाती?



हिवाळी सत्राच्या परीक्षा जवळ आल्या, की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी येथील घराघरांतून एक संवाद हमखास कानी पडतो. आजोबा ओसरीवरून विचारतात, ‘काय रे, परीक्षा तोंडावर आली, पुस्तक केव्हा उघडणार?’ नातू मान वर न करता उत्तरतो, ‘हो आबाजी, बसतोच आता.’ तासाभराने पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. रात्री आजोबांचा रक्तदाब वाढलेला असतो, नातू रागावून गच्चीवर गेलेला असतो आणि पुस्तक होते तिथेच असते.

आपल्यापैकी अनेकांना पडणारा प्रश्न असा की, दहावी-बारावीपर्यंत आपल्या एका हाकेसरशी अभ्यासाला बसणारे हे मूल महाविद्यालयात गेल्यावर एवढे का बदलते? त्याची बुद्धी तर कमी झालेली नसते. बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलेमुली पदवीच्या पहिल्याच वर्षी दोन-तीन विषयांत मागे राहतात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना ते कोडेच वाटते. या अंकात त्या कोड्याचा विचार करू. हे सदर आरोग्याचे आहे आणि हा विषयही आरोग्याचाच आहे. मुलांच्या आरोग्याचा तर तो आहेच, पण त्यांच्या काळजीने रात्र रात्र जागणाऱ्या आपल्या आरोग्याचाही आहे.

शाळा आणि विद्यापीठ यांतील अंतर

शाळेत मुलाचा दिवस इतरांनी आखलेला असतो. घंटा शाळा वाजवते, गृहपाठ शिक्षक देतात, शिकवणीची वेळ शिकवणीवाले ठरवतात आणि उरलेल्या वेळेवर घरच्यांची नजर असते. मूल चालत असते हे खरे, पण कासरा दुसऱ्याच्या हाती असतो. बारावीनंतर तो एकाएकी सुटतो. समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातील मुलगी वर्ध्यात खोली करून राहू लागते, आष्टीचा मुलगा एसटीच्या पासवर रोज ये-जा करू लागतो. दिवसातले चार-पाच तास तासिकांचे, उरलेले सारे त्यांचे. परीक्षा कित्येक महिन्यांनी असते आणि तोवर कोणी विचारीत नाही. कासरा सुटला, पण तो आपल्या हाती घ्यायला त्या मुलाला कोणी शिकवलेलेच नसते.

शैक्षणिक मानसशास्त्रात या कौशल्याला ‘स्वयंनियमन’ म्हणतात. बॅरी झिमरमन या अमेरिकी अभ्यासकाने त्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. कामाआधी उद्दिष्ट ठरवून आखणी करणे हा पहिला. काम चालू असताना स्वतःवर लक्ष ठेवणे हा दुसरा. काम झाल्यावर काय साधले, काय राहिले आणि पुढच्या वेळी काय बदलावे हे तपासणे हा तिसरा. तिसऱ्यातून पुन्हा पहिला सुरू होतो आणि असे चक्र फिरत राहते. ज्याचे चक्र फिरू लागले त्याला कोणी ‘बस’ म्हणावे लागत नाही. ज्याचे थांबले त्याला कितीही हाका मारल्या तरी तो बसतो केवळ शरीराने.

विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या यशाशी कोणत्या गोष्टी निगडित असतात, यावरील १९९७ ते २०१० या काळातील संशोधनाचा एक मोठा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुद्धिमापनाखेरीजच्या चाळीसहून अधिक घटकांची तपासणी होती. गुणांशी सर्वांत दृढ संबंध आढळला तो ‘हा अभ्यास मला जमेल’ या विद्यार्थ्याच्या स्वतःविषयीच्या विश्वासाचा. त्याखालोखाल किती गुण मिळवायचे याचे स्वतः ठरवलेले उद्दिष्ट, आणि कंटाळा आला तरी प्रयत्न टिकवून धरण्याची क्षमता. संबंध आढळला म्हणजे एकामुळेच दुसरे घडते असे सिद्ध होत नाही. आधी चांगले गुण मिळाले म्हणूनही विश्वास वाढतो. तरीही वडीलधाऱ्यांनी मनात ठेवावी अशी एक गोष्ट येथे आहे. ‘तुला काही जमणार नाही’ हे आपण त्राग्याने उच्चारलेले वाक्य नेमके त्या सर्वांत मोलाच्या विश्वासावर घाव घालते.

पटणे आणि भिणे

आता प्रेरणेकडे वळू. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेचे प्रकार फार उपयुक्त रीतीने उलगडले आहेत. एक विद्यार्थी अभ्यास करतो कारण बाबा रागावतील. दुसरा करतो कारण न केल्यास स्वतःचीच लाज वाटते, रात्री अपराधी वाटते. तिसरी करते कारण आपल्याला परिचारिका व्हायचे आहे आणि त्यासाठी हे शिकणे आवश्यक आहे, हे तिला पटलेले आहे. चौथीला विषयातच गोडी लागलेली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला चौघेही पुस्तक घेऊन बसलेले दिसतात. परंतु धाक दूर होताच पहिल्याचा अभ्यास थांबतो, दुसरा आतून झिजत राहतो आणि तिसरी-चौथी टिकतात. आपल्या मराठीतील ‘पटणे’ हे साधे क्रियापद या साऱ्या सिद्धान्ताचे मर्म सांगते. प्रत्येक विषयात गोडी लागेलच असे नाही, पण तो का शिकायचा हे पटले तरी पुष्कळ काम होते.

या दोघांच्या मते पटण्यासाठी माणसाच्या तीन गरजा भागाव्या लागतात. निर्णय माझा आहे ही भावना, मला हे जमते आहे ही भावना आणि माझी माणसे माझ्याबरोबर आहेत ही भावना. आजी-आजोबा तिसरी गरज जितकी सहज भागवू शकतात तितकी दुसरे कोणीही नाही. अडचण पहिलीपाशी येते, कारण प्रेमापोटीच आपण निर्णय आपल्या हाती ठेवतो.

बक्षिसांविषयीही थोडे सांगायला हवे. डेसींचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग विद्यापीठातील विद्यार्थ्यांवरच केलेला होता. त्यांना ठोकळ्यांचे एक रंजक कोडे सोडवायला दिले. काहींना प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर देण्यात आला, इतरांना काहीच नाही. पुढच्या वेळी पैसे बंद केले आणि मधल्या मोकळ्या वेळात कोण आपणहून कोडे हाती घेतो ते पाहिले. ज्यांना पूर्वी पैसे मिळाले होते त्यांची आपणहून कोडे सोडवण्याची ओढ कमी झालेली आढळली. मनापासून केलेल्या शाब्दिक कौतुकाने मात्र तसे झाले नाही. म्हणून ‘पहिला वर्ग आण, नवा मोबाइल घेऊन देतो’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. वस्तू जरूर द्यावी, पण सौदा म्हणून नको.

सेवाग्रामची शिकवण

आपल्या वर्धा जिल्ह्यातील वाचकांना हा विचार परका वाटू नये. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जो आराखडा तयार केला तो देशभर ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखला गेला. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगासाठी राखून ठेवणारी ती योजना होती. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आखलेली असली, तरी तिच्यातील एक तत्त्व आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही लागू पडते.

आपल्यापैकी ज्यांनी बालपणी टकळी वा चरखा चालवला असेल त्यांनी आठवून पाहावे. सूत कातताना चूक दाखवायला गुरुजींची गरज नसते. धागा जाड झाला की बोटांना कळते, ओढ अधिक झाली की तो तुटतो. चार फुटांचा एक तार, सहाशे चाळीस तारांची एक गुंडी, असा हिशेब असल्यामुळे आज किती झाले आणि काल किती झाले होते हे कातणाऱ्याला स्वतःलाच समजते. आखणी, चालू कामावर लक्ष आणि शेवटी मोजदाद असे झिमरमन यांचे तिन्ही टप्पे एका टकळीत सामावलेले आहेत. पाठ्यपुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला ही सोय नसते. चार तास पाने उलटल्यावर त्यातले किती आत गेले हे त्याला परीक्षेच्या दिवसापर्यंत कळतच नाही. धागा तुटल्याचे त्याला दिसायला हवे, आणि ते कसे दाखवावे हे पुढे पाहू.

जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत नई तालीमची कल्पना अधिक व्यापक झाली. शिक्षण हे जन्मापासून मृत्यूपर्यंत चालणारे, जीवनासाठी आणि जीवनाद्वारे मिळणारे असावे, असे तिचे रूप ठरले आणि त्यात प्रौढांच्या शिक्षणालाही स्थान मिळाले. त्या अर्थाने आपण, वयाच्या सत्तरीतही, त्याच शाळेचे विद्यार्थी आहोत.

त्याच सेवाग्रामात डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना खादी वापरावी लागते, प्रवेशानंतर सुरुवातीचे सुमारे पंधरा दिवस गांधी आश्रमात राहून तेथील दिनक्रम अनुभवावा लागतो, आणि पहिल्या वर्षी एका खेड्यात शिबिरासाठी मुक्काम करावा लागतो. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि त्या कुटुंबांच्या आरोग्याची विचारपूस करायला तो पुढेही जात राहतो. नियम म्हणून पाहिले तर हे सारे बाहेरून लादलेलेच आहे. परंतु रक्तक्षयाचे प्रकरण पाठ करणे वेगळे, आणि ज्या घरी आपण चहा प्यायलो त्या घरच्या सुनेचे हिमोग्लोबिन कमी का, हे शोधण्यासाठी तेच प्रकरण उघडणे वेगळे. दुसऱ्या वेळी अभ्यासाला चेहरा मिळतो आणि ‘हे मी का शिकतो आहे’ या प्रश्नाचे उत्तर समोर बसलेले असते. लादलेला नियम पटलेल्या सवयीत बदलण्याची शक्यता अशाच ठिकाणी निर्माण होते. आपल्या नातवंडांच्या विषयालाही असा चेहरा देता येईल का, याचा विचार घरी करून पाहावा. वाणिज्य शिकणारी नात घरच्या शेतीचा जमाखर्च मांडू शकते. विद्युत अभियांत्रिकीचा नातू शेतातल्या पंपाचे वीजबिल वाचून समजावू शकतो.

विनोबांचा हिशेब

प्रेरणेची गोष्ट निघाली, की विनोबांचे उदाहरण हटकून दिले जाते. १९१६ साली इंटरची परीक्षा देण्यासाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीकडे गेले. हे ऐकून एखादा नातू म्हणेलही, ‘पाहा, थोर माणसांना परीक्षेची गरज नव्हती.’ त्याला पुढची हकीकत अवश्य सांगावी.

गांधीजींच्या आश्रमात दाखल झाल्यावर १९१७ साली विनोबांनी प्रकृतिसुधार आणि अध्ययन यांसाठी वर्षभराची रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी संस्कृत ग्रंथांचे अध्ययन केले, महाराष्ट्रात पायी हिंडले आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये गांधीजींना एका दीर्घ पत्राने वर्षाचा हिशेब सादर केला. कोणते ग्रंथ वाचले, इतरांना काय शिकवले, कोणती व्रते पाळली, हे सारे त्यात आहे. प्रकृतीसाठी आधी रोज दहा-बारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर धान्य दळणे, आणि पुढे तीनशे सूर्यनमस्कार, अशी व्यायामाचीही नोंद आहे. हा हिशेब कोणी मागितला म्हणून दिलेला दिसत नाही. वरचा कासरा झुगारून देणाऱ्याने तो स्वतःच्या हाती किती घट्ट धरला होता, हे त्यातून दिसते. परीक्षा सोडण्याचे अनुकरण सोपे आहे. अनुकरणीय आहे तो हा हिशेब.

आपल्या गोळ्या आणि त्यांची पुस्तके

आता थोडे आपल्याकडे पाहू. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या किती जणांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले आहे, आणि त्यांपैकी किती जण चालतात? सुनेने दिवसातून चार वेळा ‘बाबा, चालायला गेलात का?’ विचारले, की आपल्याला जायचे असूनही जावेसे वाटत नाही. साखर वाढली की आपण डॉक्टरांकडे जायची तारीख पुढे ढकलतो, कारण रागावून घ्यायची इच्छा नसते. उलट, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चाललेल्या दिवसावर स्वतः खूण करू लागलो, की एखादा कोरा चौकोन आपल्यालाच खुपतो.

नातवाचेही नेमके हेच घडते. गुणपत्रिका लपवणारा मुलगा आणि रक्ततपासणी टाळणारे आजोबा एकाच कारणाने तसे वागत असतात. हे एकदा ध्यानी आले, की दोघांमध्ये उपदेशक व अपराधी असे नाते उरत नाही. दोन सहाध्यायी म्हणून बोलता येते. ‘मी महिनाभर चालण्याची नोंद ठेवतो, तू अभ्यासाची ठेव, आणि रविवारी दोघे एकमेकांना दाखवू’, हा प्रस्ताव दहा व्याख्यानांहून अधिक परिणामकारक ठरू शकतो. मात्र यात आपली वही कोरी राहून चालणार नाही.

घरातून काय करता येईल?

१. आज्ञेऐवजी प्रश्न विचारावा, आणि तोही दिवसातून एकदाच. ‘अभ्यासाला बस’ याऐवजी ‘आज काय करायचे ठरवले आहेस?’ असे विचारावे. पहिल्याला ‘हो’ म्हणून सुटता येते, दुसऱ्यासाठी काही ठरवावे लागते. उत्तर मिळाल्यावर त्यावर टीका करू नये.

२. संकल्पाला वेळ व जागा जोडायला सुचवावे. ‘या आठवड्यात गणित करीन’ हा संकल्प हवेत राहतो. ‘संध्याकाळचा चहा झाला, की मागच्या खोलीत बसून पाच उदाहरणे सोडवीन’ हा पाय जमिनीवर असलेला संकल्प होय. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झाले, की मी तमुक करीन’ अशा योजनांचा अभ्यास केला असून, नुसत्या इच्छेपेक्षा त्या पुष्कळ अधिक वेळा तडीस जातात असे दाखवले आहे. आपल्या गोळ्यांनाही हाच नियम लावावा: सकाळची गोळी दात घासल्यावर, रात्रीची जेवणाचे ताट उचलल्यावर.

३. ‘मला समजावून सांग’ असे म्हणावे. वर ज्या तुटलेल्या धाग्याचा उल्लेख केला तो दिसण्याचा हा सर्वांत सोपा उपाय. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला. नातीने रविवारी फोनवर आजीला आठवड्यात शिकलेली एक गोष्ट साध्या मराठीत सांगावी. आजीला औषधशास्त्र येत नाही हे येथे अडचणीचे नाही, सोयीचेच आहे. आजीला कळेल असे सांगता आले म्हणजे नातीला कळले, आणि जेथे ती अडखळली तेथे पुस्तक पुन्हा उघडायचे हे तिचे तिलाच उमगते.

४. कौतुक नेमके असावे. ‘तू फार हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘काल कंटाळा आलेला असूनही ते प्रकरण तू पूर्ण केलेस’ असे म्हणावे. हुशारी देवदत्त वाटते, ती कमी पडली की मूल खचते. प्रयत्न मात्र त्याच्या हातात असतो.

५. तुलना टाळावी. शेजारच्या मुलाचे पॅकेज आणि मावसबहिणीचा गुणानुक्रम यांनी कोणाच्या अभ्यासाला बळ आल्याचे दिसत नाही. तुलना करायचीच तर त्या मुलाच्या मागच्या महिन्याशी करावी.

६. झोपेचे रक्षण करावे. या वयात रात्री सात ते नऊ तास झोप आवश्यक असते. दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतही करीत असतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण फायद्याचे ठरत नाही. रात्री ठरावीक वेळेनंतर घरातील सर्वांचेच, म्हणजे आपलेही, मोबाइल एका फळीवर ठेवण्याचा नियम करता येईल. एकट्या मुलावर लादलेला नियम शिक्षा ठरतो, तर सर्वांनी पाळलेला घराची रीत होते.

आणखी एक सूचना. कासरा एकदम सोडून देणे म्हणजे विश्वास टाकणे, असाही एक गैरसमज असतो. ‘आता तू मोठा झालास, तुझे तू पाहा’ असे म्हणून पाठ फिरवली, की मुलाला ते स्वातंत्र्य न वाटता एकटेपण वाटू शकते. नवे गोऱ्हे औताला जुंपताना शेतकरी आधी जाणत्या बैलासोबत चालवतो आणि अंदाज घेत दोर सैल करतो. पहिल्या सत्रात आठवड्याला एकदा विचारपूस, दुसऱ्यात पंधरवड्याला, पुढे ते आपणहून सांगतील तेव्हा, असा क्रम ठेवता येईल.

घरात आजारपण असेल तर

या पाक्षिकाचे अनेक वाचक आजारी माणसाची शुश्रूषा करणारे आहेत, म्हणून हा भाग स्वतंत्रपणे लिहितो. ज्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असते तेथे पाणी देणे, कूस बदलणे, औषधाची वेळ पाहणे ही कामे हळूहळू घरातील एका व्यक्तीकडे जातात, आणि पुष्कळदा ती व्यक्ती महाविद्यालयात जाणारी नात असते. नातवाला तेवढ्या हाका क्वचितच मारल्या जातात. शिवाय सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी नेमकी हिवाळी परीक्षांच्या सुमारास येते. मोठी माणसे शेतात जातात आणि घर तिच्यावर पडते.

अशा मुलीचे गुण घसरले तर ते प्रेरणेच्या अभावाचे लक्षण मानू नये. स्वयंनियमनासाठी आधी स्वतःचा असा वेळ लागतो. दर दहा मिनिटांनी हाक येत असेल, तर सर्वांत जिद्दी विद्यार्थ्याचीही आखणी कोलमडेल. घरच्यांनी एकत्र बसून तिचे दोन तास निश्चित करावेत, त्या वेळी शुश्रूषा दुसऱ्या कोणाकडे असावी, आणि त्या वेळेत तातडीखेरीज तिला हाक मारू नये. ज्येष्ठ वाचकहो, आपण स्वतःच अंथरुणावर असाल तर यात आपला वाटा सर्वांत मोठा आहे. पाण्याचे भांडे, घंटी, चष्मा आणि औषधाची डबी तिने बसण्यापूर्वी हाताशी मागून घ्यावी आणि ‘आता दोन तास तुझे’ असे आपणच तिला सांगावे. ती आपली सेवा करते, तसे तिच्या अभ्यासाला आपण दिलेले हे संरक्षण आहे. नातवालाही त्या दोन तासांची जबाबदारी शिकवावी. त्याच्याही शिक्षणाचा तो भाग आहे.

केव्हा सावध व्हावे?

अभ्यास न होणे दरवेळी सवयीचा प्रश्न नसते. पूर्वी उत्साही असलेले मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास किंवा सतत चिडलेले राहिले, झोप वा भूक लक्षणीय बदलली, मित्रांपासून दूर गेले, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर तो आळस समजू नये. नैराश्यात इच्छाशक्तीच आजारी पडलेली असते, आणि तिला उपदेश देणे म्हणजे मोडलेल्या पायाला पळायला सांगणे. अशा वेळी डॉक्टरांचा वा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा.

‘मी सर्वांवर ओझे आहे’, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे शब्द कानी आले, तर ते कधीही नाटक म्हणून उडवून लावू नयेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. अशा वेळी ‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?’ असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या मुलाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपल्या औषधांच्या डबीवर आणि नातवंडांच्या मोबाइलमध्ये, दोन्हीकडे असावा. रात्री झोप उडवणारी आपली काळजीही त्यावर बोलून दाखवता येते.

शेतीवर कर्ज काढून, दागिने मोडून मुलांना शिकवणारी घरे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. त्यामुळे ‘तुझ्यासाठी आम्ही एवढे केले’ हे वाक्य ओठांवर येणे स्वाभाविक आहे. परंतु नातवंडांना ते ठाऊक असते, आणि अनेकदा तेच ओझे त्यांना पुस्तकाजवळ जाऊ देत नाही. त्याऐवजी ‘एखादा विषय राहिला तर पुन्हा देता येईल, तू आम्हाला हवा आहेस’ एवढे सांगितले, तर अभ्यासाला लागणारे धैर्य त्यांना मिळेल.

पुढील अंक येईपर्यंतच्या पंधरवड्यासाठी एवढेच करून पाहावे: दिवसाकाठी एकच प्रश्न, रविवारी एकदा ‘मला समजावून सांग’, आणि आपल्या चालण्याची स्वतःची एक वही. वहीत पंधरापैकी दहा दिवस भरले तरी चांगलेच म्हणावे. नातवंडांच्या वहीलाही तोच मापदंड लावावा.